ग्राइंडिंगपुढचे क्रेट

कारखान्यातला डेटा ही काही नवी वस्तू नाही. जॉब कार्ड, पाळीचे रजिस्टर, तपासणीचा कागद, मालाचे चलन, विजेचे बिल, ग्राहकाकडून आलेली डेबिट नोट हा सगळा डेटाच, आणि संगणक येण्याआधीपासून तो कपाटात पडून आहे. नवे एवढेच की आता मशीनला लावलेला सेन्सर मिनिटामिनिटाची नोंद आपोआप ठेवतो आणि ती भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या-लाल पट्ट्यांत दिसते. या नोंदींच्या आधारे नफा वाढवता येतो, पण नुसती नोंद ठेवल्याने तो वाढत नाही. हा फरक प्रस्तुत लेखकाला भोसरीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये पदरचे पैसे घालवून कळला. वाहनांना लागणारे शाफ्ट, पिना आणि बुश बनवणारे हे वर्कशॉप. आठ सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी आणि एकच सेंटरलेस ग्राइंडर. पुढचे विवेचन याच आकाराच्या कारखान्यांना धरून आहे. मोठ्या कंपन्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते सोडवायला त्यांच्याकडे माणसेही असतात.

पहिला प्रश्न नोंद कधी होते, हा. पाळी संपताना आठवून भरलेले रजिस्टर लगेच ओळखू येते, कारण त्यातले सगळे आकडे गोल असतात. सेटिंग ३० मिनिटे, इन्सर्ट बदलला १५ मिनिटे, लाइट नव्हती २० मिनिटे. मशीन कधी सतरा किंवा तेवीस मिनिटे थांबलेच नाही, असे महिनाभर दिसत असेल तर ती वही बाजूला ठेवावी. तिच्यावरून काढलेला कुठलाही निष्कर्ष मशीनबद्दलचा नसून सुपरवायझरच्या स्मरणशक्तीबद्दलचा असतो. यावर सेन्सर हा उपाय आहे, पण अर्धाच. मशीन थांबले हे सेन्सरला कळते, ते का थांबले हे माणसानेच सांगावे लागते.

लेखकाच्या वर्कशॉपमध्ये यासाठी प्रत्येक मशीनशेजारी टॅब लावला होता आणि त्यात थांबण्याची २४ कारणे दिली होती. इतकी यादी वाचायला ऑपरेटरला सवड नसते. तो सगळ्यात वरचे बटण दाबतो. वरचे बटण ‘सेटिंग’चे होते. तीन महिन्यांच्या अहवालात साहजिकच सेटिंग हाच सर्वांत मोठा तोटा दिसला आणि झटपट जबडे बदलता येणारे दोन महागडे चक खरेदी झाले. वेळ काही वाचला नाही. मग लेखकाने दोन दिवस स्टूल टाकून मशीनशेजारी बसून पाहिले, तेव्हा खरी गोष्ट उघड झाली. जबडे बदलायला लागत होती बारा मिनिटे. त्यानंतर पहिला जॉब हातात घेऊन ऑपरेटर इन्स्पेक्टरची वाट पाहत उभा राहत होता, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त, कारण दहा मशीनमागे पाळीला इन्स्पेक्टर एकच होता. या अडचणीवरचा उपाय म्हणजे ऑपरेटरला एक मायक्रोमीटर, एक गो-नोगो गेज आणि पहिला जॉब स्वतः पास करण्याचा अधिकार देणे. तो चकच्या किमतीच्या शंभराव्या हिश्शातही बसला असता. तेव्हा कारणांची यादी सहा-सातच्या वर जाऊ देऊ नये, क्रम दर आठवड्याला बदलावा आणि अहवालावर खर्च करण्याआधी दोन दिवस स्टूलवर बसावे.

मशीनच्या कामाचे सर्वांत प्रसिद्ध माप म्हणजे ओईई, अर्थात यंत्राची एकूण परिणामकारकता. जपानचे सेइची नाकाजिमा यांनी ते टीपीएम या देखभाल पद्धतीचा भाग म्हणून रूढ केले. त्यात तीन गुणोत्तरांचा गुणाकार असतो: ठरलेल्या वेळापैकी मशीन किती चालले, चालले तेव्हा किती वेगाने चालले, आणि निघालेल्या मालापैकी किती चांगला होता. समजा पाळी ४८० मिनिटांची आहे आणि जेवणाची ३० वगळता ४५० उरतात. मशीन ९० मिनिटे थांबले, म्हणजे ३६० मिनिटे चालले. उपलब्धता ८० टक्के. एका जॉबला दीड मिनिट लागत असेल तर या वेळात २४० निघायला हवे होते, निघाले २००. वेग ८३ टक्के. त्यातले १९० पास झाले. गुणवत्ता ९५ टक्के. गुणाकार येतो साधारण ६३ टक्के. जागतिक दर्जाचा म्हणून ८५ टक्क्यांचा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो, तो ९०, ९५ आणि ९९ टक्क्यांचा गुणाकार आहे.

या हिशेबात सगळ्यात नाजूक जागा जॉबच्या वेळेची. दीडऐवजी दोन मिनिटे धरली की त्याच पाळीचा वेग ८३ वरून १११ टक्क्यांवर जातो आणि ओईई ८४ ला टेकते. मशीन तेच, माल तोच. वेगाचा आकडा शंभरीच्या वर दिसला तर पेढे वाटण्याआधी प्रमाण वेळ तपासावी. ती बहुधा कोटेशन देताना सैल धरलेली असते आणि तशीच संगणकात गेलेली असते.

पण ओईईची खरी अडचण वेगळीच आहे. हे माप एका मशीनचे आहे आणि नफा कारखान्याचा असतो. लेखकाच्या वर्कशॉपमध्ये आठही लेथवर सेन्सर बसले, पडद्यावर रोज टक्केवारी झळकू लागली आणि सात-आठ महिन्यांत ती पन्नाशीतून सत्तरीत गेली. त्याच काळात बँकेतले कॅश क्रेडिटचे खाते मर्यादेला टेकले. हे दोन्ही एकाच वेळी कसे घडले, याचे उत्तर पडद्यावर नव्हते, जमिनीवर होते. ग्राइंडरपुढे निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटची रांग लागली होती. आधी भिंतीपर्यंत, मग वळून व्हीएमसीच्या वाटेपर्यंत. हातगाडी न्यायला जागा उरली नाही म्हणून क्रेटवर क्रेट चढले. लेथ जितके जोरात चालत होते तितका अर्धवट माल साठत होता, कारण सगळा माल त्या एका ग्राइंडरमधूनच बाहेर जाणार होता आणि त्याचा वेग होता तेवढाच होता. त्याच्यावर सेन्सर नव्हता. जुने मशीन, त्याला जोडणीच नव्हती, म्हणून ते यादीतून सुटले होते. शेवटी ग्राहकाने एका पिनेच्या ड्रॉइंगमध्ये बदल केला आणि त्या रांगेतल्या तळच्या क्रेटमधला बराचसा माल भंगाराच्या भावाने गेला. लेथची ओईई त्या महिन्यात सगळ्यात चांगली होती.

ही चूक फार जुनी आणि पुष्कळांनी केलेली आहे. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ‘द गोल’ ही कारखान्यावरची कादंबरी लिहिली, ती याच एका मुद्द्यासाठी. कारखान्याचा वेग त्यातल्या सर्वांत अडलेल्या मशीनइतकाच असतो. त्या मशीनवर गेलेला तास सगळ्या कारखान्याचा जातो, आणि बाकीच्या मशीनवर वाचवलेल्या तासाने गल्ल्यात काही पडत नाही. तेव्हा डेटा गोळा करायची सुरुवात अडलेल्या मशीनपासून करावी. ते शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. ज्याच्यापुढे क्रेट साठतात ते.

तिथे मोजायची गोष्टही टक्केवारी नव्हे, त्या मशीनच्या एका तासामागे हाती राहणारा पैसा. उदाहरणादाखल दोन जॉब घेऊ. पहिल्याच्या विक्रीतून माल, बाहेरची कामे आणि वाहतूक वजा जाता नगामागे ३० रुपये उरतात आणि ग्राइंडिंगला दीड मिनिट लागते. दुसऱ्यात ५५ रुपये उरतात, पण ग्राइंडिंगला चार मिनिटे. नगाकडे पाहिले तर दुसरा जॉब सरस वाटतो आणि बहुतेक मालक त्याच्याच ऑर्डरमागे धावतात. तासाकडे पाहिले तर पहिला ४० नगांचे १२०० रुपये देतो, दुसरा १५ नगांचे ८२५. ग्राइंडर भरलेला असताना दुसऱ्या जॉबची प्रत्येक जादा ऑर्डर पहिल्याची कमाई खाऊन तासाला ३७५ रुपये कमी करते. ऑर्डर घ्यायची की नाही, भाव किती सांगायचा, कोणते काम बाहेर ग्राइंडिंगला पाठवायचे, हे सगळे या एका तक्त्यावरून ठरते. मात्र अडलेले मशीन बदलले की तक्ता पुन्हा मांडावा लागतो, आणि ग्राइंडर मोकळा असेल तर त्याला अर्थ उरत नाही.

ग्राइंडरशेजारी लेखकाने मग दोनशे पानी वही टांगली. मशीन थांबले की घड्याळ पाहून वेळ लिहायची, सुरू झाले की पुन्हा लिहायची, पुढे कारणाचे दोन शब्द. पंधरा दिवसांत कळले की जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी बदलताना ग्राइंडर मिळून रोज दीड तास बंद राहतो. जेवणाच्या वेळा पुढेमागे करून आणि एका लेथ ऑपरेटरला ग्राइंडिंग शिकवून त्यातला बहुतेक वेळ परत मिळाला. खर्च वहीचा.

गुणवत्तेच्या नोंदीत फसगत जरा निराळ्या तऱ्हेने होते. अमेरिकेतल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. तिचे मर्म असे की मोजमापात थोडाफार चढउतार असतोच, तो यंत्राचा स्वभाव आहे. कारण शोधायचे ते त्या स्वभावाबाहेर गेलेल्या मापाचे. हे माहीत नसलेला मेहनती ऑपरेटर प्रत्येक जॉब मायक्रोमीटरने मोजतो, दोन मायक्रॉन जास्त भरला की ऑफसेट मारतो, पुढचा कमी भरला की उलटा मारतो. त्याच्या हातून चढउतार कमी न होता वाढतो. अशा ठिकाणी जास्त मोजणे हाच तोटा असतो. दर अर्ध्या तासाला पाच जॉब मोजून आलेखावर ठिपका द्यावा आणि ठिपका सीमेबाहेर गेला, किंवा सलग सात-आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तरच हात लावावा.

रिजेक्शनचा आकडा कोणासमोर आणि कशासाठी वाचला जातो, यावर तो खरा की खोटा हे ठरते. वर्कशॉपमध्ये एकदा ऑपरेटरांच्या नावांसह रिजेक्शनचा फलक लागला. पुढच्या महिन्यात रिजेक्शन निम्म्यावर आले. मग भंगारवाल्याच्या काट्यावर चिपची ट्रॉली रिकामी करताना लोखंडाच्या वेटोळ्यांतून पंचवीस-तीस तयार पिना खाली पडल्या. माणसे लबाड नव्हती. चार लोकांत नाव वाचले जाऊ नये म्हणून कोणीही केले असते तेच त्यांनी केले होते. फलक उतरला, नापास माल टाकायची लाल पेटी उघडी ठेवली आणि तिच्यातला जॉब आणून दाखवणाऱ्याला काही बोलायचे नाही असे ठरले, तेव्हा रिजेक्शनचा आकडा वाढला. तोच खरा होता. पडताळा घ्यायचा तर आणलेल्या बारचे वजन एकीकडे आणि तयार माल, लाल पेटी व चिप यांचे वजन दुसरीकडे मांडावे. काट्याला लाज वाटत नाही.

विजेच्या डेटातही फुकटचे पैसे असतात, आणि ते काढायला साप्ताहिक सुट्टी बरी. या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची ती गुरुवारी असते. सगळी मशीन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवावा आणि तो किती वेळ भार घेतो, किती वेळ मोकळा फिरतो हे मोबाइलच्या घड्याळावर लिहावे. हवा वापरणारे कोणी नसताना त्याने घेतलेला सगळा भार गळतीचा. दोन मिनिटे भार आणि सहा मिनिटे मोकळा, म्हणजे आठातली दोन. कॉम्प्रेसरच्या क्षमतेतला चौथा हिस्सा पाइपच्या सांध्यांतून जातो आहे. दुर्लक्षित कारखान्यांत २० ते ३० टक्के गळती सर्रास आढळते. साबणाचे पाणी आणि टेफ्लॉन टेप यापलीकडे तिला फारसे काही लागत नाही. राज्यात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककावर निघते, त्यामुळे खराब पॉवर फॅक्टर आता वेगळ्या दंडाच्या रकान्यात दिसत नाही, युनिटमध्येच मुरतो. बिलाची फक्त शेवटची रक्कम पाहणाऱ्याला तो कधी सापडायचा नाही.

येणे हाही डेटाच, आणि तो मालक मंडळी सर्वांत उशिरा पाहतात. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. कोणत्या ग्राहकाचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी येतात, हे वर्षभराच्या बँक नोंदींतून काढून तासाच्या कमाईच्या तक्त्याशेजारी मांडले, की काही मोठी नावे यादीत खाली सरकतात.

सॉफ्टवेअरची खरेदी या सगळ्यानंतरची. विकणारा दाखवतो तो पडदा नेहमी दुसऱ्याच्या स्वच्छ कारखान्यातला असतो. आपल्या अडलेल्या मशीनची एका महिन्याची हाताने लिहिलेली नोंद त्याच्यासमोर ठेवून यातले कोणते काम तुझे सॉफ्टवेअर सोपे करील, असे विचारावे. उत्तर मिळाले तर एका मशीनसाठी घ्यावे, सगळ्यांसाठी नको. लेखकाच्या वर्कशॉपने आठ लेथची वर्गणी तिसऱ्या वर्षी भरली नाही. आता एकच सेन्सर आहे, तो मोटरच्या विजेचा प्रवाह मोजतो आणि त्या जुन्या ग्राइंडरवर बसवलेला आहे. वही अजून त्याच्याशेजारीच टांगलेली आहे.