आयुध निर्माणीत जाऊ का?

प्रश्न : मी मोखाड्याचा, आयटीआय फिटर. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत अप्रेंटिस म्हणून अर्ज करायचा आहे. आजी म्हणते, माणसं मारायच्या वस्तूला हात लावू नको.

उत्तर : आजीचं म्हणणं झटकू नका. पण सगळी शस्त्रं सारखी नसतात. रासायनिक अस्त्रं भारताने करारानुसार 2009 पर्यंत नष्ट केली. भूसुरुंगबंदीच्या 1997 च्या करारावर मात्र सही केलेली नाही. सैन्य निघून जातं, सुरुंग जमिनीत राहतो आणि पाय जातो गुराख्याचा. सुरुंग बनवण्याच्या कामाला मी नाही म्हणेन. तोफेच्या सुट्या भागांना नाही म्हणणार नाही. आणि हो, भंडाऱ्याच्या निर्माणीत 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात कामगारच दगावले. म्हणून विभाग कोणता, स्फोटकांशी संबंध किती, हे रुजू होण्याआधीच विचारा.