पांढरा मुद्देमाल

मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे दप्तर सांभाळल्यामुळे, वाचल्याखेरीज कागदावर सही करावयाची नाही हा शिरस्ता माझ्या अंगी इतका मुरला होता की, सेवानिवृत्तीनंतर सदाशिव पेठेतील वाड्यामधल्या दोन खोल्या सोडून वाघोलीच्या बाजूस सदनिका घेतेवेळी मी खरेदीखत, सातबारा, बिनशेतीचा हुकूम आणि मंजूर नकाशा हे सर्व दोन-दोनदा तपासून घेतले. परंतु ज्याचा कागद कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही, त्या नळाच्या पाण्याची चौकशी मात्र केली नाही. पेठेत आमची हयात खडकवासल्याच्या पाण्यावर गेली. ते धरण 1879 साली पुरे झाले, त्यात साठते ते सह्याद्रीवरचे पावसाचे पाणी, आणि ते साबणाच्या एका हातात फेसाळते. त्यामुळे पाण्याला काही स्वभाव असतो, ही कल्पनाच आम्हांला नव्हती. नव्या घरी पाणी कूपनलिकेचे, आणि होळी उलटली की टँकरचे.

त्याचा स्वभाव प्रथम ओळखला तो आमच्या सौभाग्यवतींनी. तुरीची डाळ कुकरच्या तीन शिट्ट्यांऐवजी सहा शिट्ट्या मागू लागली, चहावर तेलकट तवंग धरू लागला, धुतलेले पंचे वाळल्यावर पापडासारखे कडकडीत होऊ लागले. ‘अहो, हे पाणी जड आहे,’ असे त्यांनी पहिल्याच पंधरवड्यात सांगितले होते. आणि पाण्याला वजन कुठले, अशा आशयाचे काही विद्वत्तापूर्ण उत्तर मी दिले होते, ते येथे नमूद न केलेले बरे.

स्नानगृहात पंचवीस लिटरांचा नवा गीझर बसविला होता. आठ-नऊ महिन्यांनी त्याचे पाणी पूर्वीसारखे कढत येईना, तेव्हा मी त्याची कळ साठ अंशांवरून पंच्याहत्तर अंशांवर सरकविली. या प्रकरणात माझ्या हातून जे अनेक प्रमाद घडले त्यांतला सर्वांत मोठा हाच, आणि तो करताना आपण मोठी युक्ती केली असे मला वाटत होते. दुसरा हिवाळा लागतो न लागतो तोच आतून रवा भाजल्यासारखा खडखडाट येऊ लागला, आणि एके दिवशी पहाटे गीझर सुरू करताच घरभराची वीज गेली. दुरुस्तीसाठी आलेल्या मुलाने झाकण उघडून आतला रॉड बाहेर काढला; करंगळीएवढ्या जाडीची ती नळी मनगटाएवढी झाली होती, आणि तिच्यावरचे पांढरे कवच एके ठिकाणी उकलून आत तांब्याची चीर दिसत होती. ‘काका, रॉड क्षारानं खाल्ला,’ एवढेच तो बोलला, आणि टाकीच्या तळातून खपल्यांचा अर्धा तांब्या त्याने मोरीत ओतला.

मी रीतसर तक्रार अर्ज केला. उत्तर मुदतीत आले, आणि त्यात हमीपत्राच्या पाठीमागील बारीक टायपातल्या एका कलमाकडे माझे लक्ष वेधले होते : पाण्याचा कठीणपणा नमूद मर्यादेपेक्षा अधिक असून क्षारांच्या थरामुळे बिघाड झाल्यास हमी लागू नाही. एकतीस वर्षे लोकांच्या अर्जांतली बारीक कलमे त्यांना वाचून दाखविणाऱ्या अव्वल कारकुनाचा हा असा पंचनामा झाला.

ज्याला आपण जड म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात, त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कर्बद्विप्राणिल वायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते, आणि मग खालच्या काळ्या बेसाल्टाच्या भेगांतून वर्षानुवर्षे हिंडताना त्या पत्थरातील हे पदार्थ बायकार्बोनेटच्या रूपाने आपल्यात सामावून घेते. पाणी तापले की वायू उडून जातो आणि उरलेला चुना घट्ट होऊन बसतो. तोही जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथेच, म्हणजे रॉडवर. साखर कढत पाण्यात अधिक विरघळते, या चुन्याची रीत अगदी उलटी. थर साचला की रॉडची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, आत रॉड अधिकाधिक तापतो, बाहेर पाणी कोमट राहते, आणि मजसारखा शहाणा मनुष्य कळ पुढे सरकवून थराचीच तजवीज करून देतो.

येथे थोडे विषयांतर करतो. वाघोलीच्या खाणींतील याच काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचे मोरपिसासारखे निळे स्फटिक सापडतात आणि जगभरचे खनिजसंग्राहक त्यांच्यासाठी झुरतात. त्या नावाचा आरंभच कॅल्शियमच्या आद्याक्षरांनी होतो. त्याच पोकळ्यांत झिओलाइट वर्गाची खनिजेही विपुल असतात, आणि पाणी मृदू करण्याच्या जुन्या यंत्रांत अशाच वर्गाचे पदार्थ वापरीत असत. व्याधी आणि औषध एकाच दगडात नांदत असावीत, याचे मला अजून नवल वाटते.

गीझरवरून मी शहाणा झालो म्हणावे, तर तसेही नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आरओ यंत्र बसविले, आणि त्यातून वाया जाणारे पाणी फुकट जाऊ नये म्हणून बादलीत साठवून ते कपडे धुण्याच्या यंत्रात ओतू लागलो. काटकसरीची ही सूचना बहुतेक घरांतून ऐकू येते, आणि धरणाचे पाणी असेल तेथे ती ठीकही आहे. परंतु जड पाण्यातून शुद्ध भाग काढून घेतल्यावर जे उरते ते मूळच्याहून जड असते, ही साधी वजाबाकी मला सुचली नाही. त्या पाण्याने फरशी पुसावी, यंत्रात घालू नये. नळांवरील पांढरे डाग काढण्यासाठी मी संडासात घालण्याचे ॲसिड वापरले, तेव्हा डागांबरोबर नळांचा मुलामाही गेला. जलवाहिनीवर बांधावयाचे एक लोहचुंबकही विकत घेतले होते. ते सध्या शीतकपाटावर किराणा मालाची यादी धरून ठेवण्याचे काम चोख बजावीत आहे.

फिरता विक्रेता दारात येऊन खिशातली पेन्सिलीएवढी यंत्रिका पेल्यात बुडवितो आणि टीडीएसचा आकडा दाखवून भिववितो, त्याविषयी मुद्दाम सांगतो. ती यंत्रिका पाण्यातून वीज किती वाहते यावरून सर्व विद्राव्य क्षारांचा अदमास करते. त्यांत मीठ किती आणि चुना किती, हे तिला कळत नाही. कठीणपणाचा आकडा प्रयोगशाळेत नमुन्यात रंगद्रव्य घालून काढतात; द्राक्षासवासारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजावे लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तेथे स्वच्छ बाटलीत नमुना रुजू करावा आणि एकूण कठीणपणाबरोबर अल्कधर्मिताही मागावी, कारण उकळल्याने खाली बसणारा अस्थायी भाग किती हे तिच्यावरून समजते आणि गीझरचा वैरी तोच असतो. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा उद्भव नसेल तर 600 पर्यंत चालतो. आमचा दाखला 460 चा आला, त्यांत अस्थायी भाग 310. म्हणजे पाणी पिण्यास मनाई नाही. यंत्रांचे मात्र त्यात मरण आहे. दिवसाला साठ लिटर पाणी तापविले आणि त्या 310 चा केवळ दशांश आत चिकटला असे धरले, तरी वर्षाचा हिशेब साडेसहाशे ग्रॅमांच्या वर जातो.

आता गीझरची कळ पंचावन्न ते साठ अंशांच्या दरम्यान ठेवितो, आणि दर दिवाळीपूर्वी वीज तोडून कारागिराकडून रॉड काढवून घेतो. त्याच वेळी शेजारची मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास तीही बदलावी लागते, कारण टाकीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच ती तेथे असते. किटलीत चमचाभर लिंबूसत घालून पाणी उकळले की थर सुटतो. कपड्यांच्या यंत्रालाही दोन महिन्यांनी रिकामे असताना तोच उपचार कढत पाण्यासह करतो, मात्र त्या वेळी त्यात ब्लीच चुकूनही पडू देत नाही, कारण दोहोंपासून विषारी वायू निघतो. इस्त्रीत आरओचे शुद्ध पाणी घालतो.

इमारतीला मृदुकारी संयंत्र बसविण्याचा ठराव सभेत दोन वर्षे पडून होता, तो आता मंजूर झाला आहे. त्यातील राळेचे मणी चुना धरून त्याच्या बदल्यात सोडियम देतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. म्हणून स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळावा, विशेषतः रक्तदाबाच्या रोग्यांसाठी, आणि ते खारे धुवण बागेत सोडू नये, असे दोन खुलासे मी इतिवृत्तात घालून घेतले.

तो जुना रॉड मी टाकलेला नाही. चिठ्ठी बांधून तो पुस्तकांच्या कपाटात मुद्देमालासारखा ठेवला आहे. मागल्या रविवारी वरच्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाडकरू गीझर कोणता घ्यावा हे विचारावयास आले, तेव्हा प्रथम तो त्यांच्या हाती दिला. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला, नखाने टोकरला, आणि रिकामी बाटली मिळेल काय, असे विचारले.