पडद्यावरचा खेळ आणि अंगावरचा घाम

"डॉक्टर, टीव्हीसमोर खेळून वजन खरेच उतरते का हो?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत दवाखान्यात अधूनमधून कानावर येतो. विचारणारे बहुधा पन्नाशीच्या पुढचे असतात. मुलगा किंवा मुलगी पुण्याला, बंगळूरला नाहीतर परदेशात नोकरीला असते. सुट्टीत येताना व्यायामाचा व्हिडिओ गेम घेऊन येते, टीव्हीला जोडून देते आणि "आई-बाबा, आता रोज खेळायचं" असे बजावून परत जाते. मागे ते यंत्र उरते. काही घरांत महिन्याभरात त्याच्यावर विणलेला रुमाल पडतो. काही घरांत पहिल्याच दिवशी तासभर उड्या मारल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी मंडळी गुडघा धरून माझ्याकडे येतात. ही दोन्ही टोके टाळता यावीत म्हणून आजचा विषय.

हे खेळ आहेत तरी काय?

साध्या व्हिडिओ गेममध्ये माणूस बसलेला असतो आणि हलतात ते फक्त अंगठे. व्यायामाच्या खेळात पडद्यावरचा गडी तेव्हाच पळतो, जेव्हा आपण जागच्या जागी पळतो. १९९८ साली जपानमधील कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' हा खेळ आणला. पायाखाली बाण काढलेली पाटी असते. गाण्याच्या तालावर पडद्यावर जो बाण येईल त्यावर पाय टाकायचा. पुढे २००६ च्या अखेरीस निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे यंत्र आले. हातातली कांडी फिरवून टेनिस, बॉक्सिंग खेळता येऊ लागले. वर्षभराने आलेल्या 'वी फिट'मध्ये वजनकाट्यासारखी पाटी होती. तिच्यावर उभे राहिले की आपला तोल कोणीकडे जातो हे पडद्यावर दिसे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कायनेक्ट' हा कॅमेरा काढला. तो खेळणाऱ्याचे हातपाय टिपत असल्याने हातात काही धरावेच लागत नसे. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निन्टेन्डोनेच 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' आणला. त्यात हातात एक लवचीक कडे धरायचे, मांडीला पट्टा बांधायचा आणि पळत, बैठका काढत, कडे दाबत-ताणत पडद्यावरच्या राक्षसांना हरवायचे. २०२० च्या करोना साथीत लोक घरात अडकले, तेव्हा अनेक देशांत हा खेळ दुकानांत मिळेनासा झाला होता.

संशोधन काय सांगते?

२००७ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे काही शाळकरी मुलांना 'वी'वर खेळायला लावून त्यांची शक्ती किती खर्च होते हे मोजले गेले. बसून खेळण्यापेक्षा खर्च नक्कीच जास्त होता, पण मैदानावर तोच खेळ खरोखर खेळण्याइतका नव्हता. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी 'वी'वरील ६८ प्रकारच्या हालचाली एका खास बंद खोलीत मोजल्या. त्यांपैकी ४६ हालचाली हलक्या व्यायामात मोडल्या, २२ मध्यम व्यायामात, आणि जोरकस व्यायामात एकही नाही. म्हणजे पडद्यावर शर्यत जिंकली याचा अर्थ शरीरानेही शर्यत धावली असा नव्हे.

पुढचा अनुभव अधिक बोलका आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सुमारे ऐंशी मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना हालचालीचे खेळ दिले, काहींना बसून खेळायचे, आणि घरी काय करायचे याची कसलीच सक्ती ठेवली नाही. १३ आठवड्यांनंतर, २०१२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात, दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत काही फरक आढळला नाही. यंत्र घरात आले, व्यायाम मात्र आला नाही.

याउलट लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथील प्रयोग पाहा. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या ४६ मुलांपैकी निम्म्या मुलांना खेळ घरी दिले. पण सोबत आठवड्यातून तीन दिवसांचे वेळापत्रक दिले, कुटुंबातील कोणीतरी बरोबर खेळावे असे सांगितले आणि व्यायामशिक्षक व्हिडिओवरून नियमित चौकशी करीत राहिले. २४ आठवड्यांनंतर या मुलांचे वजन वयाच्या मानाने थोडे, पण निश्चित सुधारले होते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवरही चांगला परिणाम दिसला.

दोन्हीकडे खेळ हालचालीचेच होते. फरक वेळापत्रकाचा, सोबतीचा आणि विचारपूस करणाऱ्या माणसाचा होता. आजच्या लेखातली एवढी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी पुरे.

वजनाचा रोकडा हिशेब

समजा, आपले वजन ६० किलो आहे आणि आपण अर्धा तास मध्यम जोराने खेळलात. बसून राहण्याच्या तुलनेत साधारण ९० उष्मांक जादा खर्च होतील. आठवड्यातून पाच दिवस खेळलात तर ४५०. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. म्हणजे आहारात काहीच बदल न करता एक किलो उतरायला जवळजवळ चार महिने लागतील. आणि खेळून झाल्यावर "आज खूप घाम गाळला" म्हणून एक वडापाव खाल्ला, तर तीन दिवसांची कमाई एका बशीत गेली.

आता दुसरी बाजू. दिवसाला चार कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर झाली. तिचे उष्मांक १६०. ही साखर सोडली तर आठवड्याला ११०० हून अधिक उष्मांक वाचतात. खेळ आणि ही बचत मिळून एक किलो साधारण पाच आठवड्यांत उतरू शकेल. शरीर काही वाण्याच्या वहीइतके काटेकोर चालत नाही; पुढे पुढे वजन उतरण्याचा वेग मंदावतो. तरी हिशेबाची दिशा हीच. वजन उतरते ते मुख्यतः स्वयंपाकघरात.

मग व्यायाम कशाला, असे कोणी विचारील. वजन उतरो न उतरो, व्यायामाने स्नायू बळकट होतात, इन्सुलिनचे काम सुधारते, रक्तदाब खाली येतो, झोप चांगली लागते, म्हातारपणी तोल राहतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढत नाही. माझ्या माहितीतल्या एका मधुमेही बाईंचे उदाहरण देतो. घरात माणसे बरीच. सकाळी एकटीने फिरायला बाहेर पडणे त्यांना अवघड वाटे. नातवाबरोबर रोज संध्याकाळी अर्धा तास त्या असा खेळ खेळू लागल्या. सहा महिन्यांत वजन जेमतेम तीन किलो उतरले, म्हणून त्या थोड्या खट्टू होत्या. पण साखर आटोक्यात आली होती, ब्लाऊज सैल झाले होते, आणि माझ्या दवाखान्याचे दोन जिने त्या न थांबता चढून आल्या होत्या. काट्याने जे दाखवले नाही ते जिन्याने दाखवले.

आपले माप ओळखा

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा समजतात. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो झाले की हा आकडा २५ होतो. त्याहून महत्त्वाचे माप कमरेचे. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर यापुढे कंबर गेली तर सावध व्हावे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ठेवण मधुमेहाला आमंत्रण देणारी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. त्यामुळे हा विषय केवळ दिसण्याचा राहिलेला नाही.

मुलांना मात्र मोठ्यांचे आकडे लावू नयेत. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये 'वी फिट'ने एका दहा वर्षांच्या मुलीला जाड ठरवले आणि तिच्या पालकांनी तक्रार केली. कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. यंत्राला मन नसते. मुलाच्या वजनाविषयी काळजी वाटली तर डॉक्टरांना दाखवा, त्याला चारचौघांत "जाड्या" म्हणू नका.

सुरू करण्यापूर्वी

पुढील व्यक्तींनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा :

१) हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असणारे, आणि चालताना छातीत जडपणा वा धाप लागणारे.

२) इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे. व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. उपाशीपोटी खेळू नये. साखर किंवा गूळ हाताशी ठेवावा.

३) मधुमेहामुळे डोळ्यांत रक्तस्राव झालेले. उड्या आणि जोर लावण्याचे व्यायाम नेत्रतज्ज्ञांना विचारूनच करावेत.

४) फिट्स येणारे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना झटका येऊ शकतो.

५) गुडघे किंवा कंबर दुखणारे, आणि गरोदर स्त्रिया.

खेळताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब थांबावे. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रोजची पद्धत

जागा : पुढेमागे दोन हात जागा मोकळी हवी. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरू नका, ती सरकते. घसरणार नाही अशी रबरी चटई घ्या. पायात बूट असावेत; पायांना बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी तर अनवाणी मुळीच खेळू नये. पंखा चालू ठेवा, पाणी जवळ ठेवा.

वेळ : पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटे. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर या. आठवड्यातून पाच दिवस केले की १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी मध्यम व्यायामाची किमान मर्यादा हीच सांगितली आहे. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर देणारे व्यायाम हवेत. मुलांना मात्र रोज सरासरी एक तास हालचाल हवी आणि ती शक्यतो मैदानावर.

जोर : खेळताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढा जोर मध्यम समजावा. गाणे म्हणता येत असेल तर आपण नुसता हात हलवतो आहोत. कांडीच्या खेळांत सोफ्यावर बसून मनगट फिरवले तरी गुण मिळतात. त्याने यंत्र फसते, शरीर फसत नाही.

सुरुवात आणि शेवट : आधी पाच मिनिटे हलक्या हालचाली, शेवटी पाच मिनिटे जागच्या जागी सावकाश चालणे. ज्यांना बैठका जमत नाहीत त्यांनी मागे खुर्ची ठेवून अर्ध्यापर्यंतच बसावे. उड्या टाळून पाय आळीपाळीने उचलले तरी चालते.

अतिरेक नको : २००७ मध्ये एका २९ वर्षांच्या निरोगी डॉक्टरनेच 'वी'वर कित्येक तास टेनिस खेळून खांदा दुखावून घेतला. अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्या दुखण्याला गमतीने यंत्राचेच नाव दिले गेले. खरी रॅकेट जड असते, ती लवकर दमवते आणि थांबवते. हलकी कांडी थांबवत नाही.

यंत्र नसेल तर?

काही बिघडत नाही. जवळ यंत्र नाही म्हणून कोणी ते मुद्दाम विकत घ्यावे असे मी सुचवणार नाही. बारा सूर्यनमस्कार, जिना, दोरीवरच्या उड्या, भरभर चालणे यांना वीज लागत नाही. मोबाईलवरच्या गाण्यावर घरातल्या सर्वांनी अर्धा तास नाचले तरी तो व्यायामच आहे. पण पाऊस लागून राहिला आहे, बाहेर फिरायची सोय नाही, किंवा एकट्याने व्यायाम करायचा कंटाळा येतो, अशा वेळी घरात आलेल्या यंत्राचा जरूर उपयोग करून घ्यावा.

फक्त एक करा. यंत्राजवळ भिंतीवर कॅलेंडर लावा आणि खेळलेल्या दिवसावर खूण करा. महिन्यातून एकदा कंबर मोजून तिथेच लिहा. आणि ज्या मुलाने किंवा मुलीने ते यंत्र आणून दिले, त्यांना माझा निरोप : नुसते यंत्र देऊन भागत नाही. रविवारी फोन कराल तेव्हा "जेवलात का?" याच्या जोडीला "या आठवड्यात किती दिवस खेळलात?" हेही विचारा. औषधाच्या दुकानात न मिळणारी ही मात्रा आहे, आणि ती लागू पडते.