रिले का पडला?

पावसाळ्यात सेनगाव-कळमनुरीकडच्या एखाद्या गावात डीपीवरचा न्यूट्रल तुटतो आणि दहा मिनिटांत निम्म्या आळीचे टीव्ही जातात. लोक म्हणतात, लाईट जास्त आली. झालेलं असतं ते असं, की 230 व्होल्टच्या घरात चारशेच्या जवळपास व्होल्टेज शिरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात दोन प्रकारची पोरं भेटतात. एक बोर्ड बदलून देतो. दुसरा तो का जळाला आणि पुन्हा जळू नये म्हणून काय लावायचं, तेही सांगतो. दहावीनंतर काय, असं विचारत येणाऱ्या पालकांना मी या दुसऱ्याबद्दल सांगतो.

त्याला ओव्हरव्होल्टेज ओळखणारं सर्किट समजलेलं असतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरने मेन्सचं व्होल्टेज उतरवायचं, डायोडने डीसी करायचं, दोन रेझिस्टरमध्ये विभागायचं. मेन्स 230 असताना मधल्या बिंदूवर 5 व्होल्ट येतील असा प्रीसेट फिरवून ठेवायचा. शेजारी 5.6 व्होल्टचा झेनर. मेन्स कितीही हलो, हा जागचा हलत नाही. कम्पॅरेटर म्हणून एलएम 358 सारखी स्वस्तातली आयसी दोघांवर नजर ठेवते. मेन्स 258 च्या आसपास गेली की 5 चे 5.6 होतात, आयसीचं आउटपुट उलटतं, रिले पडतो आणि घराची लाईन तुटते.

इथपर्यंत यूट्यूब पाहून कुणीही जोडतं. पण व्होल्टेज 257-259 मध्ये घुटमळायला लागलं की रिले टकटक, टकटक वाजत बसतो आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरचे हाल होतात. म्हणून आउटपुटवरून इनपुटकडे एक मोठा रेझिस्टर परत आणायचा. मग 258 ला तुटलेली लाईट समजा 245 पर्यंत उतरल्याशिवाय जोडली जात नाही. हा एक रेझिस्टर कशासाठी, हे ज्याला सांगता येतं त्याला हा धंदा कळला.

आयटीआयचे इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. मात्र महावितरणच्या विद्युत सहायक भरतीवर डोळा असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच घ्या. सर्किटची खरी गोडी असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तेव्हा ‘इंजिनिअरिंग हुकलं’ म्हणून रडायचं कारण नाही.

आणि लिगो? औंढ्याजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या प्रकल्पाला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या त्या यंत्राला इलेक्ट्रॉनिक्स लागणारच. पण त्या भरवशावर ट्रेड निवडू नका. मोटारींचे स्टार्टर, सोलर पंपांचे कंट्रोलर, इन्व्हर्टर हे काम आपल्या हिंगोली जिल्ह्यात आजच आहे.

या सुट्टीत मुलाला, मुलीलाही, हे सर्किट 12 व्होल्टच्या ॲडॉप्टरवर ब्रेडबोर्डवर जोडू द्या. मेन्सच्या जागी पोटेन्शिओमीटर फिरवायचा, 230 ला हात लावायचा नाही. महिन्याने विचारा, रिले का पडला? सांगताना पोर रंगून गेलं, तर आयटीआयचा फॉर्म भरा.