नीट हुकली म्हणून बी.फार्म?

नीटचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "मार्क कमी पडले, आता बी.फार्म टाकू का?" मुलगी शेजारी गप्प बसलेली. मी तिलाच विचारतो, ऑरगॅनिक केमिस्ट्री आवडते का? उत्तर देण्याआधी ती आईकडे बघते आणि तिथेच बरंच कळतं.

ऑरगॅनिकच का, ते एका औषधावरून सांगतो. टायरोसिनेमिया टाइप 1 हा जन्मजात, अतिशय दुर्मीळ आजार. टायरोसिन हे अमिनो आम्ल पुरतं मोडायला लागणारं शेवटचं विकर या मुलांत काम करत नाही. अर्धवट मोडलेली विषारी द्रव्यं साठत जातात आणि यकृत, मूत्रपिंडं खराब होतात. एके काळी यकृत बदलण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं.

औषध निघालं ते तणनाशकांच्या संशोधनातून! 1977 मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉफर केमिकल कंपनीच्या संशोधन केंद्रात एकाच्या लक्षात आलं, की बॉटलब्रशखाली तण फारसं उगवत नाही. (लाल फुलांचं हे झाड आपल्या सोसायट्यांतही दिसतं.) त्या झाडातल्या द्रव्याच्या कुळातले रेणू पुढे प्रयोगशाळेत बनले, त्यातलाच एक निटिसिनोन. तो वनस्पतीतलं एक विकर अडवतो आणि पानं पांढरी पडतात. तेच विकर आपल्या शरीरातही टायरोसिन मोडण्याच्या साखळीत सुरुवातीलाच लागतं. तिथेच गाडी थांबवली, की पुढचं विष तयारच होत नाही. स्वीडनमधल्या स्वेन लिंडस्टेट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष 1992 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले. 2002 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. आहाराचं पथ्य मात्र औषधासोबतही सुटत नाही.

आपल्याकडे ही कॅप्सूल आयात करायची तर वर्षाचा खर्च 2.2 कोटी रुपयांच्या घरात होता. भारतीय कंपनीने ती बनवल्यावर तो सुमारे अडीच लाखांवर आला, असं केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. किमतीत धोरणाचा, धंद्याच्या गणिताचा वाटा असतोच. पण आधी कुणीतरी तो रेणू इथे, शुद्ध स्वरूपात आणि परवडेल अशा रीतीने बनवावा लागतो. हे काम प्रोसेस केमिस्टचं. प्रक्रियेतली एक पायरी कमी करायची, महागडं सॉल्व्हंट बदलून बघायचं. मग औषधाची शुद्धता तपासणाऱ्या एचपीएलसी मशीनच्या आलेखावर नको तिथे बारीकसा पीक उगवतो, बॅच अडकते, आणि ही इम्प्युरिटी आली कुठून याचा शोध आठवडाभर चालतो. ज्याला यात मजा वाटते, त्याने या वाटेला जरूर यावं. ज्याला कंटाळा येईल, त्याला चार वर्षं जड जातील.

बी.फार्मसाठी बारावीला पीसीएम किंवा पीसीबी आणि एमएचटी-सीईटी. मुंबईची आयसीटी, म्हणजे 1933 मधली यूडीसीटी, आजही पहिल्या पसंतीची. औषधाचं दुकानच टाकायचं असेल तर दोन वर्षांचं डी.फार्म पुरतं. पुढे एम.फार्मसाठी जीपॅट. नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था महाराष्ट्रात नाही. अहमदाबाद किंवा हैदराबाद गाठावं लागतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग 'जॅम' देऊन एम.एस्सी. आणि पुण्याच्या एनसीएलसारख्या ठिकाणी पीएच.डी., ही वाट पालकांना सहसा सुचतच नाही. रेणू घडवण्याची हौस असेल तर माझ्या मते ती बी.फार्मपेक्षा सरस.

पगाराचं स्पष्ट सांगतो. नुसत्या बी.फार्मवर क्यूसी किंवा प्रॉडक्शनमध्ये सुरुवात बेताचीच होते. शिफ्ट असतात आणि कारखाना बहुधा गावाबाहेर. आर अँड डीत एम.फार्म, पीएच.डी.वाल्यांना विचारतात. लिहिण्या-वाचण्याची आवड असेल तर रेग्युलेटरी अफेअर्स किंवा फार्माकोव्हिजिलन्स बघा.

आणि कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन या. पीसीआयची, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, मान्यता तपासा. एचपीएलसी कुठे आहे आणि मुलांना ती स्वतः हाताळू देतात का, ते विचारा. मशीन कुलूपबंद खोलीत, कव्हरखाली दिसली, तर ते कॉलेज यादीत खाली टाका.