दुसरी किल्ली

पुणे

चि. निनाद यास,


तुला बँकेची शाखा सांभाळायला मिळाली हे तुझ्या आईकडून कळलंच होतं. मग तुझं पत्र आलं, आणि त्यासोबत ट्रेनिंग सेंटरमधल्या स्वभावचाचणीचा निकाल: आयएसएफजे. म्हणजे अबोल, तपशिलात रमणारा, दुसऱ्याचं मन जपणारा, शिस्तीचा. खाली तुझा प्रश्न, ‘आत्या, असा माणूस मॅनेजर व्हायला लायक असतो का?’ चार अक्षरांवरून हे ठरत असतं तर बँकांनी प्रमोशनच्या परीक्षा केव्हाच बंद केल्या असत्या.

ही चाचणी रचणाऱ्या मायलेकींचं मला कौतुक आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स. कार्ल युंगचं माणसांच्या प्रकारांवरचं पुस्तक १९२१ साली आलं, त्याच्या आधाराने त्यांनी ही प्रश्नावली बेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नव्याने कामावर येणाऱ्या बायकांना आपल्याला मानवेल असं काम निवडता यावं, हा हेतू. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं, आणि लेकीने तर त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती! चाचणीची अडचण एवढीच की ती माणसाला या नाहीतर त्या कप्प्यात बसवते. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा उत्तरं लिहिली की पुष्कळांचं एखादं अक्षर बदलून येतं.

अभ्यासक हल्ली पाच गुण धरून बोलतात आणि प्रत्येक गुण कमीजास्त प्रमाणात मोजतात: नव्याची ओढ, काटेकोरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये जुने शंभरावर अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा तपासलेल्या सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला तो काटेकोरपणा. तो तुझ्यात लहानपणापासून आहे. कॅरमच्या सोंगट्या रंगवार लावल्याशिवाय तू डबा मिटू द्यायचा नाहीस. तेव्हा लायकीची चिंता सोड.

मला सांगायचं आहे ते निराळं आहे. मॅनेजरचा स्वभाव त्याला स्वतःला दिसत नाही, चाचणीतही पुरता उतरत नाही. तो उमटतो हाताखालच्या लोकांच्या सवयींत. साहेब कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल तर त्याचे लोक काय करायचं सोडून देतात ते बघावं.

माझ्या नोकरीत एक साहेब तापट होते. कामाचा झपाटा दांडगा. मार्चअखेरीला त्यांची मोटारसायकल गल्लीत शिरली की निम्मी वसुली आपोआप होते, असं लोक म्हणत. स्टाफवर अन्याय झाला तर वरच्यांशीही तेवढ्याच आवाजात भांडत. पण वाईट बातमी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जायला कोणी धजत नसे. एका कर्जदाराने दुकानाला टाळं लावून गाव सोडलं, हे कर्जविभागातल्या अधिकाऱ्याला ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं, चहावाल्या पोरालाही. साहेबांना कळलं ते ९० दिवस उलटून खातं एनपीएत, म्हणजे थकलेल्या कर्जांत, गेल्यावर. तोवर तारणातला माल कुठच्या कुठे गेला होता. ‘मला आधी कुणी सांगितलं का नाही?’ असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजातच उत्तर होतं.

दुसरे टापटिपीचे. प्रत्येक पत्राचा मसुदा लाल शाईने दुरुस्त करायचे. सुरुवातीला सगळे खूप शिकले, मीही. पुढे मसुदे बिघडत गेले, कारण साहेब बदलणारच आहेत तर आपण कशाला डोकं खपवा? साहेब मात्र रात्री आठपर्यंत शाखेत बसून घरी फोनवर सांगत, ‘इथे एकाला काही येत नाही.’

तिसरे मनमिळाऊ. ते तुझ्या जातकुळीचे, म्हणून जरा थांबते. कुणाला दुखवायचं नाही, हे त्यांचं व्रत. शाखेत एक कामचुकार क्लार्क होता, त्याला बोलणं यांना जमेना. मग त्याचं टेबल हळूहळू एका बाईंकडे सरकलं, कारण त्या नाही म्हणत नसत. दोन टेबलं सांभाळून त्या थकल्या आणि बदली मागून गेल्या. निरोपसमारंभात साहेबांना गहिवरून आलं. कामचुकार गडी पहिल्या रांगेत बसून वेफर्स खात होता. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण साहेबाच्या भिडेची भीक त्याला स्वतःला मागावी लागत नाही. ती कुणा तिसऱ्याच्याच वाट्याला येते.

याच साहेबांची दुसरी बाजूही सांगायला हवी. शेतकरी यांच्यापाशी येऊन आपणहून सांगत, ‘यंदा बोंडअळीने कापूस नेला, पैसे जमायचे नाहीत.’ थोड्या मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए होतं. तेवढ्या अवधीत खरी परिस्थिती कळली तर आणेवारी, पुनर्गठन, काहीतरी हालचाल करता येते. तापट साहेबांना जे सगळ्यात शेवटी कळायचं, ते या साहेबांना सगळ्यांच्या आधी कळे. माणसं त्यांच्याशी खरं बोलत आणि त्यांना नकार देता येत नसे, या दोन्ही गोष्टी एकाच मुळाच्या. एक ठेवून दुसरी उपटता येत नाही. म्हणून तुला ‘जरा कडक हो’ असा सल्ला मी देणार नाही. उसना कडकपणा स्टाफ दोन दिवसांत ओळखतो आणि चहाच्या टपरीवर त्याची नक्कल होते.

आपल्या धंद्याने यावर फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. कुणा एकाच्या स्वभावावर, तो कितीही भला असो, बँक विसंबत नाही. पैशाच्या बाबतीत हे तुझ्या अंगवळणी पडलेलं आहे. निर्णयाच्या बाबतीत दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते मात्र तुला स्वतः ठरवावं लागेल, त्याचं सर्क्युलर येत नाही.

तुला इतिहासाचं वेड, म्हणून नाना फडणीसाची आठवण करून देते. पानिपतातून तो जीव वाचवून परतला तेव्हा विशीही ओलांडली नव्हती. आई त्या धामधुमीतच गमावली. सावध, संशयी, दप्तराला आणि हिशेबाला पक्का. त्या स्वभावाच्या जोरावर बारभाईंचा कारभार तगला आणि राघोबादादा व इंग्रज यांना १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत थोपवता आलं. नाना शिपाईगडी नव्हता, आणि ते तो जाणून होता. रणांगण हरिपंत फडक्यांचं, उत्तर हिंदुस्थान महादजी शिंद्यांचा. महादजीशी त्याचं कधी मनापासून पटलं नाही, पण त्याच्यावाचून अडलंच असतं. १७९४ साली हरिपंत आणि महादजी दोघेही गेले. पुढल्या वर्षी खर्ड्यावर निजाम हरला, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसलं. पेशव्यांच्या वाड्यात मात्र चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं मिळालेला सवाई माधवराव एकवीस वर्षांचा झाला होता, आणि तो सगळा काळ नानाच्या करड्या देखरेखीखाली गेला होता. ज्या सावधपणाने राज्य राखलं, त्याच सावधपणाने त्या मुलाला कारभाराचे पंख फुटू दिले नाहीत, असं माझं मत आहे. इतिहासकार यावर भांडोत. १७९५ च्या ऑक्टोबरात तो वाड्याच्या माडीवरून पडून गेला. अपघात की आत्मघात, हा वाद अजून आहे. १८०० साली नाना गेला तेव्हा त्याच्या तोडीचा कारभारी मागे उरला नव्हता. इतक्या दूरदृष्टीच्या माणसाला हे दिसलं नसेल का? मला वाटतं दिसलं असेल, पण सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आता तुझ्या शाखेकडे येऊ. ज्या सीनियर अधिकाऱ्याला तू ‘खडूस’ म्हणतोस, त्याला कर्जप्रस्तावाच्या चर्चेत पहिल्यापासून बसव. त्याला तुझ्याआधी बोलू दे. तू आधी बोललास की तो गप्प बसेल, आणि तू मनमिळाऊ असल्यामुळे त्याचं गप्प बसणं तुला संमती वाटेल. समोर कर्जदार असताना होकार देऊ नकोस, ‘परवा कळवतो’ म्हण आणि परवा खरंच कळव. काटेकोरपणाचं म्हणशील तर अधिकाऱ्यांच्या मसुद्यातली चूक त्यांना दाखव, स्वतः दुरुस्त करू नकोस, मग पत्र एक दिवस उशिरा गेलं तरी चालेल. आणि महिन्याभराने शांतपणे बघ: कुणाचं टेबल कुणाकडे सरकलंय?

रजाही घे. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान १० कामाचे दिवस, आगाऊ न सांगता, रजेवर पाठवायचं असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यामागचा हेतू लबाडी उघडकीला यावी हा. मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसत आली आहे. परत आल्यावर काय काय तुझ्यासाठी राखून ठेवलेलं आढळतं ते पाहा. ज्या गोष्टी तुझ्याशिवाय सहज उरकायला हव्या होत्या त्या अडलेल्या दिसल्या, तर तुझ्या लोकांनी त्या करायचं सोडून दिलेलं आहे.

शेवटी तुझ्या पत्रातल्या केळीच्या व्यापाऱ्याचं. त्याला कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देता येणार नाही, हे तू पत्रात स्वतःच लिहिलं आहेस. स्टॉक स्टेटमेंट आणि प्रत्यक्ष माल जुळत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. तरी फाइल तुझ्या टेबलावर पडून आहे आणि तो माणूस तुझ्या भरवशावर बागाइतदारांना आगाऊ रकमा कबूल करत सुटला असेल. सोमवारी त्याला बोलावून घे, समोर बसव आणि सांग. फोनवर नको, खडूस अधिकाऱ्याच्या तोंडून तर मुळीच नको. आणि ‘झोनल ऑफिसने नाही म्हटलं’ असं सांगू नकोस. प्रस्ताव तिकडे गेलेलाच नाही.

तुझी,
आत्या