काळी स्कूटर दुधी का झाली?

गेल्या जुलै महिन्यात मी माझी जुनी काळी स्कूटर रंगवायला दिली. रंग असा हवा की त्यात तोंड पाहता यावे, अशी माझी अट. संध्याकाळी आणायला गेलो तो काय, पत्र्यावर धुके उतरल्यासारखी दुधी झाक! कारागीर म्हणाला, "सर, माल चांगलाच वापरलाय. हे पावसानं केलंय." छपराखाली तर पावसाचा थेंबही आला नव्हता. मला ते पटले नाही आणि उरलेले पैसे न देताच मी परतलो.

रात्री मात्र चुकल्यासारखे वाटू लागले. हा प्रश्न तर आपल्याच विषयातला!

गाडीच्या रंगावर शेवटी एक पारदर्शक थर देतात. कारागीर त्याला 'क्लिअर' म्हणतात. हा थर एकजिनसी असेल, तर प्रकाश त्यातून सरळ खालच्या काळ्या रंगापर्यंत जातो आणि तिथे शोषला जातो. पण वाटेत अतिसूक्ष्म पोकळ्या किंवा ओरखडे असले, तर प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश विखुरतो. सगळेच रंग विखुरले जात असल्याने झाक पांढरी दिसते. ढग आणि दूध पांढरे दिसतात ते याच कारणाने. पांढऱ्या गाडीवर हा दोष लपून जातो, काळीवर लगेच उघडा पडतो.

आता दोष थराच्या पृष्ठभागावर आहे की आत, हे कसे ओळखाल? न्हाणीघराच्या खिडकीची घासलेली काच आठवा. तिच्या खरखरीत बाजूवर पाणी टाकले की पलीकडचे दिसू लागते. क्लिअरचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. हवा व क्लिअर यांच्या सीमेवर लंबरूप पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. हवेच्या जागी पाणी आले की हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. म्हणून दोष वरच्या ओरखड्यांचा असेल, तर पाण्याखाली तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी रबिंग कंपाऊंडने घासून काम भागते.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतले. झाक तशीच! म्हणजे दोष थराच्या आत होता. तो तिथे गेला कसा?

माझ्या स्कूटरचे क्लिअर लॅकर जातीचे होते. त्यात थिनर असतो, आणि तो उडून गेला की थर वाळतो. बाष्पीभवनाला उष्णता लागते. ती ओल्या थरातून व पत्र्यातून घेतली जाते आणि दोन्ही गार होतात. हवा २८ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू १७ अंशांच्या आसपास असतो. आर्द्रता ९० टक्के झाली की तो २६ अंशांवर चढतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात थर अवघा दोन अंशांनी गार झाला, तरी त्यावर दव धरते! हे पाणी थरात शिरते, राळ त्यात विरघळत नाही, ती साकळते. पुढे पाणी उडून जाते, पण त्याच्या जागी पोकळ्या उरतात. कारागिराचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

उपायही त्यालाच ठाऊक होता. सावकाश उडणारे द्रावक, ज्याला तो 'रिटार्डर' म्हणतो, त्याचा हलका फवारा त्याने एका कोरड्या दुपारी मारला. थर पुन्हा मऊ झाला, पोकळ्या बुजल्या आणि हळूहळू वाळताना दव धरले नाही. मी उरलेले पैसे दिले. उशिराबद्दल तो काही बोलला नाही, हेच मला जास्त लागले.

हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरला मात्र हा उपाय चालत नाही. तो थर रासायनिक क्रियेने घट्ट होतो, पुन्हा विरघळत नाही; घासून नवा थर द्यावा लागतो. शिवाय त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात. या फवाऱ्याची वाफ फुप्फुसांना फार घातक असते, तेव्हा गॅरेजात बघायला जवळ जाऊ नका.

घरी एवढे करून पाहा. तापमापीच्या फुग्याला पातळ कापूस गुंडाळा, त्यावर नखांचा रंग काढायच्या ॲसिटोनचे चार थेंब टाका आणि पारा किती उतरतो ते पाहा. खिडकी उघडी ठेवा. जवळ दिवा, शेगडी नको. (पत्र्याजवळ उष्णतेचा साठा असतो, त्यामुळे तिथे घट इतकी नसते.) मग स्टीलच्या पेल्यातील पाण्यात थोडे थोडे बर्फ घालत ढवळा. पेला बाहेरून धुरकट होताच पाण्याचे तापमान वाचा. तो झाला तुमच्या खोलीतील हवेचा दवबिंदू. खोलीचे तापमान आणि हा आकडा यांतील अंतर जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा वहीत नोंदवा, आणि तुमच्या गावातील रंगाऱ्याला विचारा, तो कोणत्या दिवसांत क्लिअर मारायचे टाळतो.